दीड तासाचं अंतर

विमान कंपनीने मला फसवलं. तिकिटावर नागपूर ते पुणे दीड तास लिहिलं होतं. माझी बहीण अक्का सकाळी पुण्यात वारली, तेव्हा त्याच भरवशावर भाच्याला म्हणालो, "तिला शेवटचं माहेरचं लुगडं मीच घालणार. दुपारपर्यंत अंत्यविधी थांबवा."

विमानतळावरच तीन तास बसवलं. मग पुण्यावर घिरट्या. खिडकीतून तेच तळं तिसऱ्यांदा दिसलं, मांडीवर लुगडं.

मी धान्य विकतो. रिकाम्या पोत्याचं वजन धान्यात लपवलं तर गिऱ्हाईक मला बाजारात उभं करत नाही. यांनी नुसतं धान्य, म्हणजे उडण्याचा वेळ, दाखवलं आणि थांबण्याचं पोतं माझ्या पाठीवर दिलं.

उतरल्यावर भाचा म्हणाला, "मामा, गुरुजी थांबेनात. शेजारच्या काकूंचं लुगडं घालून आईला नेलं."

लुगडं अजून घडीतच आहे. दीड तास ज्याने लिहिलं, त्याने समोर यावं आणि ते आता कुणाच्या अंगावर घालू, ते सांगावं.