बालवाडीत सांगायचं नाही

परवा तुमच्या आईचा फोन आला होता. तिकडे परदेशात तुमच्या शाळेत सहा वर्षांच्या मुलांनाही अजून अक्षरं शिकवत नाहीत, याची तिला काळजी वाटत होती. "इथे येऊन बघ आई, सकाळपासून दोघं नुसते खड्डे खणतात. चिखलानं भरलेले घरी येतात. बाई म्हणतात, छान चाललंय. चालेल ना असं? तू तर तुझ्या बालवाडीत हेच करायचीस."

मी म्हटलं, "हो, चालेल." मग गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

ते खोटं मी का बोलले, ते तुम्हा दोघांना सांगायचं आहे. तुम्हाला अजून मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे तुमची आईच वाचून दाखवेल. तेही बरंच आहे.

तुमची आई तीन-चार वर्षांची होती तेव्हा आम्ही अंधेरीला, पूर्वेला राहत होतो. सोसायटीच्या तळमजल्यावर एक हॉल होता. लग्न आणि वार्षिक सभा सोडली तर तो रिकामाच असायचा. तिथे मी बालवाडी सुरू केली. निम्मी मुलं सोसायटीतली आणि निम्मी साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाळींतली. तुमची आईही त्यातच.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. त्यामुळे बालवाड्यांच्या शिक्षिकांसाठी दहा दिवसांचं शिबिर झालं, तेव्हा दुभाषी म्हणून मलाच पुढे बसवलं. उत्तर युरोपातल्या एका देशातून एक बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. जाड कोट घातलेली मुलं झाडांवर चढताहेत, काठ्यांनी पाणी ढवळताहेत, करवतीनं लाकूड कापताहेत. सातव्या वर्षापर्यंत पाटी नाही, पेन्सिल नाही, अक्षर नाही. जगभर आता हाच विचार मान्य होतो आहे, असं त्या सांगत होत्या. मी भारावून गेले. माझ्या फुलस्केप वहीत लाल शाईनं मथळे घातले: खेळ, साहित्य, शिक्षिकेचं काम, पालकांशी बोलणं. प्रत्येक मथळ्याखाली आकडे घालून मुद्दे. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एकही खाडाखोड नाही.

शेवटच्या दिवशी घाटकोपरहून आलेल्या एका शिक्षिकेनं हात वर केला. मला म्हणाली, "अहो, त्यांना विचारा ना, तिकडे शाळेत घेताना मुलाला काय काय विचारतात?"

मी इंग्रजीत विचारलं. पाहुण्या बाईंना प्रश्नच कळेना. मी पुन्हा फोड करून सांगितलं, की आमच्याकडे ज्युनिअर केजीला मुलाचा इंटरव्ह्यू होतो, उत्तरं आली नाहीत तर प्रवेश मिळत नाही. मग त्या म्हणाल्या, शाळा घराजवळ असते, मूल शाळेच्या वयाचं झालं की तिथे जातं, त्याला विचारायचं काय?

मी ते मराठीत सांगितलं. घाटकोपरची शिक्षिका पटकन म्हणाली, "मग काय! त्यांचं काय जातंय खेळायला!" सगळा हॉल हसला. मीही हसले. ते उत्तर माझ्या कोणत्याच मथळ्याखाली बसत नव्हतं, म्हणून मी लिहून घेतलं नाही.

त्या जूनपासून माझ्या बालवाडीत अक्षरं बंद झाली. ओली माती, चिंचोके, पुठ्ठ्याचे खोके, जुन्या साड्या, पाण्याची घमेली. पालकांना मी स्पष्ट सांगितलं, की इथे एबीसीडी होणार नाही आणि घरीही घेऊ नका. मूल बावरतं.

चाळीतून एक मुलगी यायची. तुमच्या आईच्याच वयाची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. तिचे वडील पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागले होते. माझ्या बालवाडीत मुलांना खेळायला काय काय लागतं हे कळल्यावर त्यांनी पितळेच्या टाकाऊ कड्यांची पिशवी पाठवली, बांगडीएवढीपासून बटणाएवढीपर्यंत. प्रत्येक कडीची धार कानशीनं घासून मऊ केलेली. मुलाच्या बोटाला लागू नये म्हणून त्या माणसानं सुट्टीचा दिवस घालवला असणार.

ती मुलगी त्या कड्या लहान-मोठ्या अशा क्रमानं ओळीत मांडायची, एकात एक बसवायची, कुठली हरवली ते न मोजता सांगायची. बालवाडी बघायला कोणी आलं की मी त्यांना आधी तिच्याजवळ न्यायची. "बघा, हिला एक अक्षर येत नाही," असं मी कौतुकानं सांगायची. बाळांनो, हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते.

दिवाळीनंतर तिची आई आली. स्टेशनकडच्या एका इंग्रजी शाळेचा फॉर्म त्यांनी आणला होता. मीही तोच आणला होता.

"बाई, हिला जरा एबीसीडी नि रंगबिंग इंग्लिशमध्ये घ्या ना. तिकडे विचारतात म्हणे. आम्हाला दोघांना येत नाही."

मी म्हटलं, "अहो, या वयात तिच्यावर ओझं घालू नका. ती खेळातून शिकतेय. परदेशात सात वर्षांपर्यंत कोणी अक्षर दाखवत नाही."

"ता परदेशात हो." काकुळतीला आली की तिच्या बोलण्यात मालवणी यायची. "खेळाचा काय बाई, ता चाळीत पण खेळताच. तेवढ्यासाठी तुमच्याकडे कशाक पाठवू?"

मी वही उघडून पालकांशी बोलण्याचे मुद्दे तिला वाचून दाखवले. सगळेच्या सगळे. ती उभ्यानंच ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल."

त्याच आठवड्यात दुपारी चार वाजता मी आमच्या स्वयंपाकघराचं दार लावून तुमच्या आईला पाटीसमोर बसवलं.

फॉर्म भरताना मला धडकी भरली होती, एवढंच. दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत मला जे ठाम माहीत होतं, ते स्वतःच्या मुलीच्या बाबतीत धरून ठेवायचं धैर्य झालं नाही. व्हॉट इज युवर नेम, व्हॉट कलर इज धिस, हाऊ मेनी फिंगर्स. रोज पाऊण तास, वेळापत्रक लावून. तुमचे आजोबा एकदा लवकर घरी आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "खाली एक नि वर एक. बरंय गं तुझं."

"हे वेगळं आहे," मी म्हटलं.

"काय वेगळं?"

मी तुमच्या आईकडे वळून म्हटलं, "हे बालवाडीत सांगायचं नाही हं. आपलं दोघींचं आहे." तिनं मोठ्या शहाणपणानं मान हलवली. तीन महिने तिनं ते पाळलं. चार वर्षांची मुलगी, आणि मी तिला लपवायला शिकवलं.

इंटरव्ह्यूला आम्ही एकाच दिवशी होतो. तुमच्या आईला नंतर बाहेर सोडलं तेव्हा ती उड्या मारत आली. ती दुसरी मुलगी आईच्या कडेवर होती. तिची आई मला सांगत होती, "बाई, टेबलावर मण्यांचं ताट होतं. हिनं न सांगता सगळे वेगळे केले, लाल लाल एकीकडे, पिवळे पिवळे एकीकडे. तर तिथल्या बाईंनी ताट ओढूनच घेतलं. म्हणाल्या, कलर सांग. तिला येतात हो सगळे. मराठीत येतात."

मी म्हटलं, "होईल काहीतरी." आणि तुमच्या आईचा हात धरून पुढे निघाले. ती इंग्रजीत काही बोलून बसेल, ही मला भीती होती.

यादी लागली. तुमच्या आईचं नाव होतं. तिचं नव्हतं.

पुढचं दोन दिवसांनी घडलं. बालवाडी सुटायची वेळ, पालक दाराशी उभे. कोपऱ्यात तुमची आई खोक्यावर बसली होती आणि समोर ती मुलगी मांडी घालून. तुमच्या आईनं एक पितळी कडी चष्म्यासारखी डोळ्याला लावली होती.

"व्हॉट इज युवर नेम?"

मुलगी हातातल्या कड्या एकात एक बसवत राहिली.

"सांग ना. माय नेम इज, म्हण. आता व्हॉट कलर इज धिस? हाऊ मेनी फिंगर्स?"

सगळे प्रश्न, त्याच क्रमानं, माझ्याच आवाजात. खेळात मूल खरं काय ते दाखवतं, हा माझ्या वहीतला पहिल्या पानावरचा मुद्दा.

त्या मुलीची आई चपला काढून आत आली, खाली वाकली आणि तुमच्या आईला हळूच विचारलं, "बाय माझी, हे तुला कोणी शिकवलं गं?"

"आईनं," तुमची आई म्हणाली. मग तिला आठवलं आणि तिनं माझ्याकडे बघत तोंडावर हात ठेवला. "पण बालवाडीत सांगायचं नाही."

त्या मुलीच्या आईला राग आला असता तर सोपं झालं असतं. ती उभी राहून नुसती म्हणाली, "माझी पोर खेळात हुशार नि तुमची इंटरव्ह्यूत. छान वाटून घेतलंत, बाई."

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. म्हटलं, रोज दुपारी हिला माझ्याकडे पाठवा, मी सगळं घेते, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू. तिनं मला चहा दिला. "आता कशाला?" ती म्हणाली. "म्युन्शिपाल्टीच्या शाळेत घालतोय जूनला. जवळ आहे. तिथे काय विचारत नाहीत. घेतात."

चहाचा कप हातात असतानाच मला आठवलं. शाळा घराजवळ असते, मूल शाळेच्या वयाचं झालं की तिथे जातं. हेच तर त्या पाहुण्या बाईंनी सांगितलं होतं. तशी शाळा आमच्या मागच्याच रस्त्यावर होती, आणि तुमच्या आईला तिथे घालावं असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्या देशाकडून मी माती घेतली, घमेली घेतली. सगळ्या मुलांना एकाच दारातून आत घ्यायचं, हे तेवढं घेतलं नाही.

मेपर्यंत ती मुलगी रोज येत राहिली. तिची आई तिला दारात सोडायची आणि माझ्याकडे न बघता जायची. पुढच्या वर्षी मी पालकांना खरं सांगायला लागले, की मला खेळ योग्य वाटतो, पण शाळा हे हे विचारतात, आणि शेवटचा अर्धा तास मी सगळ्यांकडूनच ते करून घेईन. वहीत त्या पाहुण्या बाईंचं उत्तर पेन्सिलीनं समासात लिहिलं. ती मुलगी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. चाळ पाडली तेव्हा चौकशी करायला हवी होती. मी केली नाही.

तेव्हा बाळांनो, खुशाल खड्डे खणा. तुमच्या शाळेनं तुम्हाला काही न विचारता आत घेतलंय, म्हणून चिखल खेळायला तुम्हाला परवडतं. आईला म्हणावं, काळजी करू नकोस.

आणि इथवर वाचताना ती थांबली तर तिला घाई करू नका. तिला ते दुपारचे पाऊण तास आठवतात की नाही, मी कधी विचारलेलं नाही. आठवत असतील तर ते कोणालाही सांगायला आता माझी हरकत नाही.