लोखंडी घोरपड

लग्न होऊन मी केदारखेड्याजवळच्या त्या गावात आले तेव्हा अंगात भोकरदनच्या कॉलेजचा तोरा होता आणि भाकरी मात्र गोल येत नव्हती. थोरल्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी माझी भाकरी उचलून उजेडाकडे धरली आणि विचारलं, "ह्यो कोन्त्या देशाचा नकाशा?" मला राग आला. मला राग पटकन येतो, अजूनही येतो. पण त्या एवढं बोलून थांबल्या नाहीत. परात स्वतःकडे ओढली आणि हळूहळू थापून दाखवली. तेव्हापासून आमचं जमलं.

नवं शतक लागून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. जाऊबाईंच्या मुलाला त्याच्या मामानं जालन्याहून टीव्हीला लावायचा गेम आणून दिला होता, सोबत चार-पाच पिवळ्या कॅसेटी. त्यातली एक त्यानं टाकून दिली, कारण तिच्यातली अक्षरं चिनी की जपानी हेच कुणाला कळत नव्हतं. पण टाकून दिलेली वस्तू वापरून पाहिल्याशिवाय जाऊबाईंना चैन पडत नसे. एका दुपारी, पोरगं शाळेत आणि माणसं शेतात असताना, त्यांनी ती कॅसेट लावली आणि मला हाक मारली.

गेम सोपा होता. एक मुलगा रानोमाळ हिंडतो. गवतात शिरला की एखादं जनावर आडवं येतं. आपल्याजवळचं जनावर त्याच्याशी झुंजवायचं आणि ते दमलं की त्याच्यावर डबा फेकायचा. डब्यात गेलं की ते आपलं. अशी जनावरं जमवत शेवटी गढीतल्या राजाला हरवायचं, हे आम्हाला कॅसेटच्या खोक्यावरच्या चित्रावरून कळलं. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून जाऊबाईंनी जागा पाठ केल्या. वरून दुसरं म्हणजे मार, सगळ्यात खालचं म्हणजे पळ. बारावी पास मी होते, पण चुकायची मीच.

डोंगरातल्या गुहेत एक जनावर होतं. दोन पायांवर उभं, लांब शेपूट, जबडा डायनासोरचा, पण अंग सगळं पत्र्याचं. सांध्यांत नटबोल्ट, छातीत एक दिवा. चालताना खडखड वाजायचं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की हा डायनासोर आहे, यंत्राचा. जाऊबाईंनी मान तिरकी करून त्याला न्याहाळलं.

"घोरपडच हाय, लोखंडी," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं आली तं राजाचं काही खरं न्हाई."

अडचण एकच होती. तो गेम काही लक्षात ठेवत नसे. बंद झाला की जमवलेलं सगळं गेलं, पुन्हा तेच पोर आणि तेच गवत. पहिल्यापासून गढीपर्यंत जायला जेवणं उरकल्यापासून चहाची वेळ होईपर्यंतची अख्खी दुपार लागायची, तीही न चुकता खेळलं तर. आणि आमच्याकडे अख्खी दुपार लाईट राहत नसे.

मी दोनदा वैतागून गेमचा रिमोट आपटला. जाऊबाई आपटत नसत. लाईट गेली की ज्वारी निवडायला घ्यायच्या, आली की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा चिडून म्हटलं, "एवढं काय ठेवलंय त्या घोरपडीत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सातवीचा गणिताचा पेपर चालू व्हता माह्या. चुलता शाळेत आला आन् मला उठवून घेऊन गेला. पाव्हणे पाह्यला आल्ते. शेवटची दोन गणितं राह्यली. येत व्हती मला ती." मग म्हणाल्या, "तव्हापासून माह्यं एक काम सलग झालं न्हाई. कणीक मळताना हाक येती, वेणी घालताना हाक येती. जेवताना तं येतीच येती. हे एक मला एका बैठकीत करून पाह्यचंय. शेवटापरेंत."

मी सूप माझ्याकडे ओढून घेतलं.

त्या महिन्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून तर दुपारी आमच्या होत्या. त्या परत आल्या की हे संपणार, हे दोघींनाही माहीत होतं. मग लाईटचा बंदोबस्त केला. क्रिकेटच्या वेळी टीव्हीला लावायला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरात होतीच. गेमची वायरही तिलाच जोडता येत होती. नवऱ्याला मी म्हटलं, बॅटरी भरून आणा, मालिका चुकते. त्यानं काही न विचारता आणली.

त्या दुपारी लाईट गेली आणि टीव्ही चालूच राहिला. आम्ही दोघी हसलो. जाऊबाई गुहेत शिरल्या. घोरपड समोर आली. तिला जोरात मारलं तर ती मरते, हे आम्ही आधी पस्तावून शिकलो होतो. म्हणून त्यांनी सगळ्यात दुबळं पिल्लू पुढं केलं आणि चिमटे काढल्यासारखं मारत तिला दमवलं. डबा फेकला. डबा हलला, पुन्हा हलला, आणि बंद झाला. घोरपड आमची झाली.

तेवढ्यात ओसरीवर सासरे खाकरले.

घरात रीत अशी की सासऱ्यांचं खाकरणं ऐकलं की सुनांनी डोक्यावर पदर घ्यायचा, उभं राहायचं आणि टीव्ही बंद करायचा. जाऊबाई उभ्या राहिल्या. एका हातानं पदर ओढला आणि दुसऱ्या हातानं बॅटरीची वायर उपटली. सासरे पाणी पिऊन निघूनही गेले. काळ्या पडद्यात आमची पदर घेतलेली दोन डोकी तेवढी दिसत होती.

मी रडले. त्या रडल्या नाहीत.

"इतके दिवस लाईटवाल्यायला शिव्या देऊन राह्यलो आपण," त्या म्हणाल्या. "आन् आज बंद कोण्ही केलं? म्याच ना?" मग वायर नीट गुंडाळून ठेवली. "परत करू. आता म्या उठणार न्हाई. घराला आग लागली तरी न्हाई."

सासूबाई शुक्रवारी येणार असा निरोप आला. गुरुवारी आम्ही पहाटेच संध्याकाळच्या भाकरी-कोरड्यासाचंही उरकून ठेवलं, पाणी भरलं, गुरांचं पाहिलं. जेवणं उरकली आणि जाऊबाई टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. त्या दिवशी त्यांचा हात कुठंच चुकला नाही. मी शेजारी बसून नुसती पाहत होते. घोरपड मिळाली. नदी ओलांडली. गढीचं दार उघडलं आणि राजा पुढं आला. त्याची जनावरं आमच्यापेक्षा थोराड होती. एकेक करून आमची सगळी पडली, फक्त लोखंडी घोरपड उरली. तिच्या छातीतला दिवा लुकलुकत होता.

आणि सासरे खाकरले. या वेळी एकटे नव्हते.

"चहा टाका गं, हसनाबादचे पाव्हणे आलेत."

जाऊबाईंचा हात वायरकडे गेला. मला तो स्पष्ट दिसला. अर्ध्यात थांबला आणि परत रिमोटवर आला. त्यांनी पदरही घेतला नाही. नजर टीव्हीवरच होती, पण कपाळावर घाम आला होता. बाहेरून दुसऱ्यांदा हाक आली.

खरं सांगते, मला उठायचं नव्हतं. इतक्या दुपारी मीही तिथंच घालवल्या होत्या. घोरपड काय करते ते मलाही पाहायचं होतं आणि क्षणभर मला जाऊबाईंचाच राग आला. पण दोघींनी बसून राहायची सोय त्या घरात नव्हती. एक बसणार तर दुसरीला उठावं लागणार होतं.

"तुम्ही हलू नका," मी म्हटलं. पदर घेतला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

चहा उकळेपर्यंत आतून खडखडाट ऐकू येत होता. मी कप घेऊन ओसरीवर गेले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "आत कशाचा आवाज? पोरगं शाळंत न्हाई गेलं का?"

"गेलंय, मामा. जाऊबाई गेम खेळून राह्यल्यात."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासऱ्यांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि बराच वेळ दाराकडे पाहत राहिले.

"साखर कमी पडली," एवढंच म्हणाले. मी साखर आणायला आत वळले.

स्वयंपाकघरात पोहोचले तेव्हा एक सूर वाजायला लागला. आम्ही तो आधी कधी ऐकला नव्हता. बराच वेळ वाजला आणि थांबला. साखर देऊन मी परतले आणि उगाच कप विसळत उभी राहिले.

जाऊबाई आल्या. डोळे लाल झाले होते.

"झालं?"

"झालं."

"काय केलं घोरपडीनं? राजा पडला? मंग काय झालं? सांगा ना!"

"सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या. माझ्या हातातला कप त्यांनी काढून घेतला आणि मला मोरीपासून बाजूला सारलं. "जाय, बस. पहिल्यापासून लाव. लाईट बी आली."

"आन् कोण्ही आलं तं?"

"म्या हाय ना इथं. दार लावून घे."