पाच अंशांवरचा बर्फ

काचेची नळी पुन्हा तुंबली होती. सिलिंडरमधला क्लोरीन गॅस या नळीतून फ्लास्कमधल्या पाण्यात सोडायचा, आणि पाण्यात बुडालेल्या तिच्या टोकाशीच बर्फ साचला होता. मॅनेजर प्रभूसाहेब दारात उभे होते. बर्फ झालाय म्हणजे शून्य अंश, यात वाचायचं काय, असं त्यांचं म्हणणं. फ्लास्कमधला थर्मामीटर वाचणारे कदम सर शांतपणे म्हणत होते, "पाच आहे."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची लॅब होती. कापडाच्या रंगांवर क्लोरीनचा काय परिणाम होतो ते आम्ही तपासायचो. त्यासाठी क्लोरीनचं पाणी ताजं करावं लागे. गार सोड्यात गॅस जास्त टिकतो, तसा गार पाण्यात क्लोरीन जास्त मुरतो, म्हणून फ्लास्कभोवती बर्फाचं पाणी ठेवायचं. हा गॅस महाभांडखोर. छातीत गेला तर श्वास घेऊ देत नाही, धातूला लागला तर धातू खातो. म्हणून सगळं काम फ्यूम कबर्डमध्ये, म्हणजे पुढे काच आणि वर हवा ओढून नेणारा पंखा असलेल्या कपाटात.

कदम सर आमचे सीनियर केमिस्ट. मूळचे मालवणकडचे, राहायला चेंबूरला. मला लॅबचं काम त्यांनीच शिकवलं. थर्मामीटर वाचताना हनुवटी खाली, डोळा पाऱ्याच्या रेषेत. उभ्या उभ्या वाचलं की टेबलावर टिचकी वाजायचीच. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यात लेन्स बसवणं सर्रास नव्हतं, जाड भिंगांचा चष्मा मिळायचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. कामावर आल्या आल्या सरांनी चहा कपात ओतायचा तो टेबलावर ओतला. आम्ही सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं.

तिथेच आमची वाट लागली. लॅबमध्ये सरांनीच लावलेली एक शिस्त होती. एकानं रीडिंग मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं उठून स्वतः बघायचं, मगच ते धरायचं. ऑपरेशननंतर सरांनी रीडिंग सांगितलं की उठायला कोणी तयार होईना. बघितलं आणि चूक निघाली तर? सरांना तोंडावर खोटं पाडणार कोण? माझ्याबरोबरचा मिलिंद गायकवाड तर त्यांच्यावर जीव टाकायचा. तो नुसती मान डोलवायचा. नळी तुंबली की गरम पाण्यात भिजवलेलं फडकं लावून मोकळी करायची आणि सरांच्या 'पाच'ला हो म्हणायचं, असं सगळ्यांचं चाललं होतं.

त्या दिवशी दारातून प्रभूसाहेबांनी आमच्याकडे बघितलं. एकजण सरांच्या बाजूनं बोलला असता तर बरं झालं असतं. आम्ही सगळे आपापल्या टेबलाकडे वळलो. साहेब म्हणाले, "कदम, उद्यापासून तुम्ही स्टोअरमध्ये बसा. डोळ्यांना जरा आराम." आवाज मऊ होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

ते गेल्यावर सर स्टुलावर बसले. चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले. मग मला म्हणाले, "शुभा, तू बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको गं."

मी थर्मामीटरसमोर गेले. वाकले. हनुवटी खाली, डोळा रेषेत. पारा पाचावर होता. मिलिंदला ओढत आणलं. तोही पाचच म्हणाला, आणि तोंड फिरवून नाक पुसायला लागला.

सरांना मात्र घाई नव्हती. थर्मामीटरच खोटा असेल तर? त्यांनी तो कुटलेला साधा बर्फ आणि पाणी यांत ठेवायला लावला. पारा बरोब्बर शून्यावर येऊन थांबला. थर्मामीटर शहाणा, सरांचे डोळेही शहाणे. वेडा होता तो बर्फ.

मग आम्ही त्या बर्फाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तो पांढरा नव्हता, फिकट पिवळट-हिरवा होता. सरांनी छोटा खडा टेस्ट ट्यूबमध्ये घेतला आणि तिचं तोंड उघडं ठेवून ती फ्यूम कबर्डमध्ये उभी केली. खडा वितळताना फसफसला आणि ट्यूबमध्ये हिरवट गॅस भरला. सर हळूच म्हणाले, "क्लोरीन हायड्रेट. कॉलेजात वाचलं होतं, बघितलं आज."

पाण्याचे कण क्लोरीनभोवती पिंजरे बांधतात आणि त्या पिंजऱ्यांचा हा बर्फ होतो. त्याला गोठायला शून्याची गरज नसते. नऊ-साडेनऊ अंशांच्या खाली गेलं की झालं. आत गॅस कोंडलेला असतो. आतापर्यंत नळी एका टोकालाच तुंबत होती; दोन्ही बाजूंनी तुंबलेल्या नळीला आमचं गरम फडकं लागलं असतं, तर काच फुटून सगळा क्लोरीन आमच्या तोंडावर आला असता. हे सरांनी सांगितलं तेव्हा मिलिंदनं ते फडकं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

फ्लास्क बारा अंशांच्या वर ठेवायला सुरुवात केली आणि नळी तुंबायची थांबली. पाण्यात क्लोरीन थोडा कमी मुरायचा, पण आमच्या कामाला पुरेसा होता. त्याआधी प्रभूसाहेबांनीही एकदा खाली वाकून स्वतः पाच वाचले होते, आणि स्टोअरचं राहू द्या म्हणाले होते. सरांनी तेव्हा एकच अट घातली, "माझं प्रत्येक रीडिंग कोणीतरी उठून बघायचं."

रिटायर होईपर्यंत सर बेंचवरच होते. एकदोनदा त्यांचं खरंच चुकलं. मिलिंदनं तोंडावर सांगितलं, "सर, दोन अंशांनी चुकलात." सर खूश झाले आणि त्यांनी पुन्हा वाचलं. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी एवढंच शिकवलं: ज्याच्यावर जीव आहे, त्याचं रीडिंग आधी तपासा.