सुखदेव मिस्त्रींची भिंत

आमच्या स्टेशनवर आल्यावर लोक आधी घड्याळ बघत. सुखदेव मिस्त्री आधी भिंतीला हात लावत. तिकीट खिडकीच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, दोन दगडांमधल्या चुन्यावर पंजा टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग विडी पेटवायची. पोराच्या अंगात ताप आहे का बघावं, तसं. लोक हसायचे. मीही हसलो आहे, आणि त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मधलं आमचं स्टेशन लहानसं. दोन पॅसेंजर तेवढ्या थांबत, बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जात. पण इमारत काय होती! काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, विटांच्या कमानी, मेळघाटातल्या सागाचे खांब, वर कौलं आणि छताखाली गरम हवा बाहेर जायला झरोके. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही व्हायची, पण त्या व्हरांड्यात पाय ठेवला की जिवात जीव यायचा. फलाटाचं एक टोक उगाच रुंद वाटे. ते कापसाच्या बैलगाड्यांसाठी आहे, हे मला मिस्त्रींनी दाखवलं. कडेच्या दगडांवर चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या होत्या.

मिस्त्रींच्या आज्याने या इमारतीसाठी चुना मळला होता. ते स्वतःही नोकरीभर याच रेल्वेमार्गावरच्या इमारतींचे गवंडी होते. निवृत्त झाल्यावरही दर उन्हाळ्यात ते भिंतीचे सांधे भरायला येत. कोणी बोलावलेलं नसे. चुना पंधरा दिवस भिजत ठेवायचा, बेलफळाच्या गराचं पाणी घालून कुटायचा आणि मगच थापीला लावायचा. मधे कोणी घाई केली, तर ते सरळ काम थांबवून बसून राहत.

मी तेव्हा शाळामास्तर होतो, रोज अकोल्याला अप-डाऊन करायचो. प्रवासी मंडळाचा सेक्रेटरीही मीच, कारण माझं अक्षर चांगलं. आजूबाजूची स्टेशनं रंगून चकचकीत झाली आणि आम्हाला आमच्या स्टेशनची लाज वाटू लागली. मी अर्ज लिहिला. 'भिंती काळवंडल्या आहेत, तरी सुशोभीकरण व्हावे.' काळ्या दगडाच्या भिंतींबद्दल हे लिहिलं कोणी, तर शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाने. गावाने भराभर सह्या केल्या. मिस्त्रींनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"काळा गोटा काळाच रायते, मास्तर. मी सई नाही करत."

महिनाभरात मंजुरी आली. ठेकेदाराने दगडांवर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर भडक पिवळा रंग फासला. जमिनीतली ओल दगडातून वर चढते आणि चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटने तिची वाट बंद होईल, हे मिस्त्री त्याला रोज जाऊन सांगत. बाबा, तुमचा जमाना गेला, असं म्हणून तो त्यांना वाटेला लावी. एकदा ते माझ्याकडे वळले.

"भितीले बी दम घ्या लागते, मास्तर. हे तिचं नाक बुजवून राह्यले, अन् तुमी नुसते पाहून राह्यले."

सरकारी काम आहे, जाऊ द्या, असं मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला. पिवळे पोपडे फलाटावर पडू लागले, आतल्या भिंतींना ओल आली. मग रेल्वेचे साहेब आले. त्यांनी पेनाच्या टोकाने पोपडे टोचले आणि 'इमारत धोकादायक' अशी पाटी लावून गेले. पाहिला तो गिलावा. भिंत कोणी पाहिलीच नाही. मिस्त्रींनी स्वतः थोडा गिलावा खरवडून आतला धड दगड आम्हाला दाखवला. तेव्हा कुठे मला अक्कल आली. इमारत पाडू नये म्हणून मी तीन अर्ज लिहिले, त्याच चांगल्या अक्षरात. एकाचंही उत्तर आलं नाही.

पाडायचं काम एका दिवसाचं, असं ठेकेदार सांगत होता. कौलं उतरवली, खांब काढले, भिंत मात्र हलेना. दुपारी जेसीबीचा एक दात तुटला. दुसऱ्या दिवशी मोठी मशीन मागवावी लागली. शेवटची कमान पडायला तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. मिस्त्री तिन्ही दिवस फलाटाच्या रुंद टोकावर बसून होते. घरून आलेला डबा तसाच परत जाई. कमान पडल्यावर त्यांनी ठेकेदाराला जवळ बोलावलं आणि आवाज न चढवता विचारलं, "धोक्याची होती ना रे भाऊ हे भित? मंग तीन रोज काय करून राह्यला होता?"

ठेकेदार फोन कानाला लावून बाजूला झाला. मी मिस्त्रींना उठायला हात दिला. त्यांनी तो धरला नाही, गुडघ्यावर जोर देऊन स्वतःच उठले.

"तुमचं अक्षर चांगलं हाये, मास्तर," ते म्हणाले. "लिवाच्या आंधी येक डाव भितीले हात लावाचा होता."

त्यानंतर ते स्टेशनवर कधी आले नाहीत. कुठे जायचं झालं तर एसटीने जात. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या मयतीत मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

स्टेशनवर आता पत्र्याची शेड आहे, तीही पिवळीच. उन्हाळ्यात तिच्याखाली कोणी थांबत नाही, लोक बाहेर कडुलिंबाखाली गाडीची वाट बघतात. मिस्त्री गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी तिथे गेलो. तिकीट खिडकीच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, पत्र्यावर पंजा टेकवला. चटका बसला आणि मी हात काढून घेतला.