यंत्र पेटीत का राहिलं, हे विचारायला गेलेल्या मॅडम

डॉ. वत्सला देशिंगकर यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती कानात कापूस असताना. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी फलटणहून सांगलीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले होते. कान-नाक-घसा विभागात माझा पहिलाच दिवस. मॅडमनी माझं नाव विचारलं, समोर बसवलं आणि माझ्या दोन्ही कानांत मेण लावलेला कापूस घट्ट बसवला. मग मला वाचता येईल असं कागदावर लिहिलं, "जेवणाची सुट्टी संपेपर्यंत असंच राहायचं."

मला आधी गंमत वाटली. पण मेसमध्ये शेजारच्या मुली हसल्या आणि त्या मलाच हसताहेत असं वाटून मी ताट अर्धं ठेवून उठले. मॅडमनी कापूस काढला तेव्हा माझे डोळे भरले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तू रुग्ण तपासायला बसू शकतेस."

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल आणि अध्यापनाबद्दल अनेक मान्यवर लिहितील. मी लिहिणार आहे ते त्यांच्या एका संशोधनाबद्दल. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण त्यात मी त्यांच्याबरोबर होते.

सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत घरटी एक माणूस फौजेत गेलेला. तोफांच्या आणि बंदुकांच्या आवाजानं त्यांतल्या अनेकांचे कान निकामी झालेले. बाहेरच्या एका संस्थेनं अशा माजी सैनिकांसाठी श्रवणयंत्रं देऊ केली. आमच्या महाविद्यालयात समारंभ झाला, फोटो निघाले. यंत्रांचा उपयोग किती होतो याचा अभ्यास मॅडमकडे सोपवला गेला आणि मदतनीस म्हणून मी. दवाखान्यातल्या चाचण्यांत निकाल उत्तम आले. अहवाल तिथंच संपवता आला असता. विभागात सगळ्यांची तीच अपेक्षा होती.

मॅडम म्हणाल्या, "दवाखान्यात ऐकू येतं, हे कळलं. घरी येतं का, ते बघू या."

मग आम्ही गावं पालथी घातली. कधी एसटीनं, कधी कुणाच्या जीपमधून. बहुतेक घरांत यंत्र कानात नव्हतंच. कुठं देवघरात, कुठं रुमालात गुंडाळून कपाटात. कुणी म्हणे शिट्टी वाजते, कुणी म्हणे कान खाजतो. ती कारणं आम्ही लिहून घेत होतो. कराडच्या अलीकडच्या एका गावात हवालदार मारुतराव यांनी पलंगाखालची फौजेतली काळी पेटी ओढली आणि आतून यंत्र काढून दाखवलं. जसं दिलं होतं तसंच, डबीसुद्धा नवी.

मॅडमनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "त्रास होतो का याचा?"

"न्हाई वं बाई. लय झ्याक हाय मशीन."

"मग घालत का नाही?"

मारुतरावांनी घरभर नजर फिरवली. पत्नी वारली होती. मुलगा फौजेतच, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. ते म्हणाले, "घालून ऐकू काय? हितं बोलतंय कोण?"

मारुतरावांनी स्वतः चहा केला, तो आम्ही घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेवर मॅडमनी वही उघडली, लिहिलेली कारणं पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "आपण कान तपासत राहिलो. माणूस एकटा आहे का, हे विचारलंच नाही."

त्यानंतर आम्ही ते विचारत गेलो. जे एकटे होते त्यांची यंत्रं पेटीत होती, हे जवळजवळ प्रत्येक घरी दिसलं. मॅडमनी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं. वरिष्ठांनी त्यांना बोलावून घेतलं. मी दाराबाहेर होते, आतलं ऐकू येत होतं.

"मॅडम, हे वैद्यकशास्त्र नाही, समाजशास्त्र झालं. तेवढा भाग काढा. देणाऱ्यांना काय वाटेल?"

"मी पाहिलं ते लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "पाहिलेलं खोडू कसं?"

अहवाल तसाच गेला आणि यंत्रांची पुढची खेप आली नाही. वाट बघत असलेल्या रुग्णांना रिकाम्या हातानं परत पाठवावं लागलं. ते काम मॅडमनी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. प्रत्येकाला समोर बसवून त्या स्वतः सांगत. एक आजोबा त्यांना म्हणाले, "खरं बोलून तुमी माझं मशीन घालवलंसा." मॅडमनी मान खाली घातली. विभागातही त्यांच्या टेबलाशी चहाला बसणारे कमी झाले, मग कुणीच बसेना. त्याच वर्षी त्यांच्या आई गेल्या. मॅडमनी लग्न केलं नव्हतं, विश्रामबागेतल्या घरात त्या दोघीच असत. तेराव्यानंतर कामावर आल्या त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी शेजारी जाऊन बसले.

आणि अशाच दिवसांत मला कावीळ झाली, तर हॉस्टेलवर रोज मुगाचं कढण घेऊन कोण यावं? मॅडमच. मी खाऊन संपवेपर्यंत त्या खुर्ची ओढून बसत. घाई कधी दाखवली नाही.

त्यानंतर दर शनिवारी त्या स्वखर्चानं मारुतरावांच्या गावी जाऊ लागल्या. त्याच गावात बाबालाल नावाचे गृहस्थ राहत. जन्मभर पत्रा ठोकून पेट्या बनवल्यानं त्यांचेही कान गेलेले. फौजेतले नसले तरी त्यांनाही आमच्या विभागातून यंत्र मिळालं होतं आणि तेही कपाटात होतं. दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मॅडमनी एका शनिवारी दोघांना शाळेच्या व्हरांड्यात आणलं आणि यंत्रं कानात बसवली. मी तिथं होते.

मारुतराव म्हणाले, "काय रं बाबालाल, कवापास्नं रुसलायस?"

"मी कशाला रुसू? तूच माझ्या सलामाला जबाब दिला न्हाईस गड्या."

"आरं, मला ऐकूच आलं न्हाई!"

"मग तू हाका मारल्या असशील, त्या मला तरी कुठं ऐकू आल्या?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग बाबालाल असे हसले की त्यांना ठसका लागला. मॅडम पाणी आणायला म्हणून उठल्या आणि बराच वेळ नळापाशीच उभ्या राहिल्या.

पुढं त्या व्हरांड्यात माणसं वाढली. पेटीतली यंत्रं बाहेर आली. यंत्र देताना सोबत बोलायला माणूसही दिला तर ते वापरलं जातं, असा मॅडमचा दुसरा अभ्यास त्यातून तयार झाला. मोठ्या नियतकालिकांनी तो परत पाठवला. शेवटी आमच्या महाविद्यालयाच्या छोट्या वार्षिकात छापून आला. किती जणांनी वाचला, मला ठाऊक नाही. फलटणच्या माझ्या दवाखान्यात मात्र आजही यंत्र देण्याआधी घरी कोण असतं हे विचारलं जातं.

काही वर्षांनी बाबालाल गेले. त्यानंतरच्या शनिवारी मारुतरावांनी यंत्र डबीत घालून मॅडमपुढं ठेवलं.

"न्या हे. आता कुणाचं ऐकायचं?"

मॅडमनी समजूत घातली नाही. डबी त्यांच्याकडं सरकवत त्या म्हणाल्या, "राहू दे. शनिवारी मी येत जाईन. मलाही कुणाशी तरी बोलायचं असतं."

एखाद्या दुःखी माणसाला बरं वाटावं म्हणून बोललेलं ते वाक्य नव्हतं. मारुतरावांनाही ते कळलं असावं. त्यांनी यंत्र उचललं आणि कानात घातलं.

पुढं त्यांचा मुलगा निवृत्त होऊन सहकुटुंब गावी आला. घर भरलं. मारुतराव नातवंडांच्या गलक्यात रमले आणि मॅडमचे शनिवार रिकामे झाले. "छान झालं," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. दोनदा म्हणाल्या.

या ग्रंथाची कल्पना सांगायला मी मध्यंतरी त्यांच्याकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुणाकुणाचे लेख आहेत ते विचारलं, त्यांची खुशाली विचारली. मग म्हणाल्या, "एवढी माणसं माझ्यासाठी लिहिताहेत, बरं वाटलं. पण ते वाचत मी एकटीच बसणार ना गं? त्यापेक्षा येत जा."

मॅडमना पुढची अनेक वर्षं निरोगी जावोत, त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीनं मनापासून प्रार्थना. आणि हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. सांगलीवरून जाणं झालं, तर विश्रामबागेत जरूर थांबा. आधी फोन करायची गरज नाही. संध्याकाळी त्या घरीच असतात.