धुऊन दिलेला फोन

वापरलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची तर ती धुऊन द्यायची, हा अराबा अमिसाच्या माहेरचा नियम होता आणि साठी जवळ आली तरी तिने तो मोडला नव्हता. अंगावरचे कापड असेल तर साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून. पातेले असेल तर राखेने घासून. आपला घाम, आपला वास, आपल्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. म्हणून एबोने, तिच्या कॅनडातल्या मुलाने, तिच्यासाठी आयफोन पाठवला आणि तिचा जुना फोन भाचीला द्यायचे ठरले, तेव्हा तिने भाचीला बजावले, "अजोआ, आधी साफ करून घे. माझं काही म्हणता काही त्यात राहायला नको."

अजोआ नर्सिंग शिकायला हो नावाच्या शहरी निघाली होती. फोनच्या आनंदात तिने एकदाच विचारले, "सगळंच पुसू, आंटी?"

"सगळं. मळका फोन दिला म्हणून तिथल्या पोरींनी तुला हसायला नको."

अजोआने पुसले. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि तान्ह्या मुलाने डोळे उघडावेत तसा तो फोन कुणालाच न ओळखता उभा राहिला. अराबाला समाधान वाटले. तिची समजूत अशी होती की माणसांचे बोलणे नंबराच्या पाठोपाठ जाते. नंबर नव्या फोनात गेला म्हणजे त्यावर आलेले सारे आवाजही गेलेच. ही समजूत समुद्रकाठच्या त्या सॉल्टपाँड गावात तिच्या एकटीची नव्हती.

नवा फोन तिने मागितला नव्हता. एबोची मुलगी कुकुआ सात वर्षांची. तिच्या हातात फक्त एक टॅब्लेट होता आणि त्याचा व्हिडिओ कॉल फक्त त्याच कंपनीच्या यंत्रावर लागे. व्हॉट्सअ‍ॅप तिला आईबापांनी दिले नव्हते. "आई, तुझ्याकडे हा फोन असला की ती वाटेल तेव्हा तुला लावेल. मी घरी असण्याची वाट बघायला नको," एबो म्हणाला होता. आणि ते खरे ठरले. पहिल्याच दिवशी दुपारी कुकुआचा चेहरा त्या काचेत आला, पुढचे दोन दात नसलेला. "आजी, तू पिठाची झालीयेस!" ती म्हणाली. अराबा केन्कीच्या पिठात कोपरापर्यंत होती. मक्याचे आंबवलेले पीठ शिजवायचे, मळायचे, केळीच्या वाळल्या पानात बांधून पुन्हा उकडायचे, यात तिची हयात गेली होती. बोटांच्या रेषा त्या गरम पिठाने कधीच पुसल्या होत्या. नव्या फोनला तिचा अंगठा ओळखताच येईना. तरी त्या दुपारी ती नातीला पाने कशी गुंडाळायची ते दाखवीत राहिली, आणि तेवढा वेळ तिची कंबर दुखली नाही.

दुसऱ्या दिवशी, देवळातल्या मान्सा आजीने पाठवलेले गाणे ऐकायचे म्हणून तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडले. नावे होती, चेहरे होते. आवाज एकही नव्हता.

आमच्या मेथडिस्ट ख्रिस्ती देवळात प्रवचन चालू असताना बाकावरची एखादी बाई मध्येच गाणे उचलते. प्रवचनकार समुद्र दुभंगल्याची गोष्ट सांगत असला आणि तिच्या मनात त्यावरचे गाणे आले, तर तिला कुणाची परवानगी लागत नाही. प्रवचनकार थांबतो, बायका पाठीमागून झेलतात, गाणे संपले की तो पुढे बोलतो. ही गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत. उचलणारीच्या मनात ती असतात, आणि पुष्कळदा उचलतानाच तयार होतात. मान्सा आजीने आमच्याकडे अशी गाणी कितीतरी वर्षे उचलली. मग तिच्या छातीने साथ सोडली. चार पायऱ्या चढल्या की ती दाराला टेकून उभी राही. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिने शेजारच्या कोळ्याच्या फोनवरून अराबाला एक लांबलचक गाणे पाठवले. शेवटी धापा टाकीत म्हणाली, "एकदाच म्हटलंय. परत म्हणायला श्वास नाही. सुगीच्या रविवारी तू उचल. मी पुढच्या बाकावर बसून ऐकणार आहे."

अराबाने ते पीठ मळता मळता ऐकले. पहिल्या दोन ओळी मनात बसल्या. मग गिऱ्हाईक आले, मग पाणी उतू गेले. निवांतपणे ऐकू, असे तिने ठरवले. निवांतपणा तिच्या घरी कधी फिरकला नव्हता. पण फोनमध्ये आहे म्हणजे आहे, असे धरून ती चालली. आता सुगीचा रविवार पुढच्याच आठवड्यात होता.

तिने एबोला फोन लावला. तिकडे पहाट होती.

"बॅकअप असेल ना, आई. नाताळात आलो होतो तेव्हा मीच लावून दिला होता."

"मग तो ह्यात आण."

"तो ह्यात येत नाही. तो अँड्रॉइडचा बॅकअप. आयफोन तो वाचत नाही."

"वाचत नाही म्हणजे? तुझी पोर तिकडची इंग्रजी बोलते तरी तिचं मला कळतं. हे फोन एका दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत?"

"दोन कंपन्या आहेत, आई. भांडण आहे त्यांचं."

"त्यांच्या भांडणात माझं गाणं कशाला?" ती म्हणाली; आणि मग त्याचा झोपाळलेला श्वास ऐकून तिला आपल्याच बोलण्याचे वाईट वाटले. "झोप. मी बघते."

मंगळवारी ती ट्रोट्रोने, माणसांनी ठासून भरलेल्या भाड्याच्या व्हॅनने, मँकेसिमला गेली. बाजाराच्या चौकात योफीचे दुकान होते: एक टेबल, एक छत्री, आणि छत्रीखाली वयस्क, जाड चष्म्याचा योफी. त्याने गाऱ्हाणे ऐकून घेतले, दोनदा मान हलवली.

"आंटी, पुसण्याआधी आला असतात तर दोन्ही फोन शेजारी ठेवून, नवा सुरू करतानाच सगळं ओतून दिलं असतं. तशी सोय आहे. पण ओतायला जुनं भांडं भरलेलं लागतं. तुम्ही तर घासून, पालथं घालून दिलंत."

"चांगलं वळण म्हणून केलं मी ते."

"वळण चांगलंच आहे. आमच्या बायकोला तुमच्याकडे पाठवतो शिकायला." तो हसला, तिला हसू आले नाही. तेव्हा तो सरसावून बसला. "ज्याच्या फोनवरून गाणं आलं, त्याच्याकडे नाही का?"

"कोळी आहे तो. त्याचा तो फोन पाण्यात गेला. त्यानंतरचाही गेला."

"मग एकच रस्ता. माझ्याकडचा एक अँड्रॉइड घेतो, तुमचं सिम त्यात घालतो, तुमच्या मुलाचा तो बॅकअप त्यात उतरवतो. गाणं निघालं तर दुसऱ्या फोनवर वाजवून रेकॉर्ड करून घेऊ. पण तेवढा वेळ तुमच्या नव्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडेल. एका नंबराला एकच घर."

पासवर्ड एबोला माहीत होता. त्याला पुन्हा उठवावे लागले. बॅकअप उतरू लागला आणि अराबा छत्रीखाली बाकड्यावर बसून राहिली. ऊन सरकले तसे बाकडेही सरकवावे लागले. शेजारी टोमॅटो विकणारी बाई म्हणाली, "बाई, फोन बाळंत होतोय का? इतका वेळ!" मध्येच पिशवीतला नवा फोन वाजला. कुकुआ होती, पण सिम काढल्यामुळे तो फोन योफीच्या नेटवर होता आणि ते इतके मंद की चेहऱ्याचे चौकोन झाले आणि "आजी" एवढाच शब्द तुटून आला. तिने दोन्ही फोन मांडीवर ठेवले. एकात नात होती आणि दुसऱ्यात मान्सा, आणि त्या एकमेकींच्या घरी जाऊ शकत नव्हत्या. याचा तिला राग येत नव्हता. राग यायलाही अंगात काही असावे लागते.

दुपार कलली तेव्हा योफीने फोन तिच्यापुढे धरला. आवाज आले होते. ओळीने, छोट्या छोट्या पट्ट्यांसारखे. केन्कीच्या ऑर्डरी, देवळातल्या बायकांच्या गप्पा, गेल्या वर्षीच्या तालमी. अराबा बोट वर वर सरकवीत गेली, मग खाली. शेवटची पट्टी नाताळाच्या आठवड्यातली होती.

"पुढचं?"

योफीने चष्मा काढून पुसला. "पुढचं गेलंच नाही वर. वायफाय असेल तरच बॅकअप घे, असं लावलेलं आहे. मुलगा आला होता तेव्हा घरात वायफाय होतं. तो गेला, ते गेलं."

"आणि अजोआच्या फोनमधून, खोलवर कुठे?"

"नाही, आंटी. पुसताना आतल्या कुलपाची किल्लीच त्याने गिळलीये. खोटी आशा लावून मी तुम्हाला परत बोलावणार नाही." त्याने मजुरी घेतली नाही, ती आग्रह करू शकली नाही, इतकी थकली होती.

सॉल्टपाँडला उतरली ती घरी न जाता थेट मान्सा आजीकडे गेली. आजी अंगणात स्टुलावर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, श्वास मोजून घेत असल्यासारखी.

"ये. चेहरा का असा? केन्की नासली?"

"गाणं गेलं, आजी." अराबाने उभ्यानेच सगळे सांगितले: भाची, पुसणे, बॅकअप, मँकेसिम. आणि मग जे सांगावे लागू नये म्हणून ती दिवसभर वणवणत राहिली होती ते: "मी ते पाठ केलं नव्हतं. दोनच ओळी येतात मला."

आजीने दुसरे स्टूल पायाने तिच्याकडे सरकवले. मग म्हणाली, "धुऊन टाकलंस मला."

"तसं नका म्हणू."

"मग कसं म्हणू? साबण कुठला वापरलास, तेवढं सांग." तिला हसू आले आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. अराबाने पाणी आणले, पाठीवरून हात फिरवला. खोकला ओसरल्यावर आजीने तिचा हात धरून ठेवला. "मलाही येत नाही गं ते."

"काय?"

"त्या दिवशी आलं, म्हटलं. कोळ्याला म्हटलं, पाठव. मग वाटलं, अराबाकडे आहे, आता आपण ओझं कशाला वाहायचं? सोडून दिलं. तू फोनवर टाकलंस, मी तुझ्यावर टाकलं."

समुद्राकडून होड्या ओढणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या. अराबाने पिशवीतून फोन काढला, निदान आठवेल ते तरी धरून ठेवावे म्हणून. पण आजीने मान हलवली. "नुसतं खोकणं भरून ठेवशील. राहू दे."

"मग रविवारी दुसरं उचलते. जुनं एखादं."

"नाही," आजी म्हणाली. "दोन ओळी आहेत ना? त्या उचल. मी बसणार आहे म्हटलंय, तर बसणार."

सुगीच्या रविवारी देऊळ रताळी, अननस आणि मक्याच्या कणसांनी भरले होते. प्रवचनकार पेरणाऱ्याच्या गोष्टीवर आला तेव्हा अराबा उभी राहिली आणि तिने त्या दोन ओळी उचलल्या. प्रवचनकार थांबला. बायकांनी झेलले. तिने त्याच ओळी पुन्हा म्हटल्या. बायकांनी पुन्हा झेलले. तिसऱ्यांदा तेच आले तेव्हा मागच्या बाकांवर नजरा फिरल्या. कुणीतरी कुजबुजले, "अडकली." अराबाला ते ऐकू गेले. चौथ्यांदा म्हणताना तिचा आवाज खाली आला. ती थांबून बसणारच होती.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून मान्सा आजी बोलली. गायली नाही, तेवढा श्वास नव्हता. पैलतीरीचे पेरणारे ओल्या हातांनी येतात, अशा अर्थाची एक ओळ तिने नुसती, बाजारात भाव सांगावा तशी, सांगितली. अराबाने ती उचलली. बायकांनी झेलली. आजीने दम घेतला, डोळे मिटले, आणि आणखी एक ओळ सांगितली. ती पहिल्यांदा होती तीच की आताच आलेली, हे अराबाला कळायला मार्ग नव्हता. तिने तीही उचलली. मग सगळे देऊळ आजीकडे पाहत राहिले. आजीचे ओठ हलले, थांबले. तिने अराबाकडे वळून हात उताणा केला, रिकामा.

अराबाने त्या चार ओळी सुरुवातीपासून एकदा म्हटल्या आणि ती खाली बसली. प्रवचनकाराने घसा साफ केला आणि पेरणाऱ्याची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली. आजीने मागे न वळता, जरा मोठ्यानेच, शेजारणीला सांगितले, "केवढं होतं म्हणून सांगू! आता एवढंच आहे."