खिडकीखालची विकाऊ गाडी

सुरुवातीलाच सांगतो, मी इथे अनुभव वाचायला येतो ते त्यातल्या चुका काढायला. कुणी लिहिलं की पिंपळाखाली बाई दिसली, की खाली माझी कमेंट असणारच — चष्मा लावला होता का? झोप झाली होती का? काही जण मला त्यामुळे ओळखतही असतील, आणि फारसं प्रेमाने नाही. भूत, बाधा, करणी यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानायची इच्छा नाही. तरी लिहितोय, कारण घरात हा विषय काढायची सोय नाही आणि ऑफिसात काढला तर रिटायर होईपर्यंत टिंगल होईल...

आम्ही नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात राहतो. मेन रोडवरून आत वळणारी एक बंद गल्ली आहे, तिच्या टोकाला आमची चार मजली बिल्डिंग. आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि हॉलची खिडकी थेट गल्लीवर उघडते. घरात मी, माझी बायको स्वाती आणि आई. बाबा गेल्या दिवाळीच्या थोडं आधी गेले.

गल्लीच्या तोंडाशी जितूशेठचं जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि समोर जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा. धंदा मात्र भरपूर मोठा. मग बाकीच्या गाड्या कुठे? आमच्या गल्लीत! दोन्ही बाजूंना एकीला एक चिकटून, काचेवर 'विकणे आहे' आणि खाली जितूशेठचा नंबर. पाण्याचा टँकर आत येईना, सिलिंडरची गाडी कोपऱ्यावरच थांबायची आणि आम्ही खांद्यावरून सिलिंडर आणायचे. पालिकेत गेलो तर म्हणाले, हे वाहतूक पोलिसांचं काम. ते म्हणाले, नो पार्किंगचा बोर्ड दाखवा. शेवटी एकदाची टोइंगची गाडी आली आणि आमच्याच बिल्डिंगमधल्या दोन स्कूटर उचलून घेऊन गेली. जितूशेठची एक गाडी जागची हलली नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. त्यामुळे जितूशेठशी भांडण हा माझा नित्यनेम होता. माणूस तसा वाईट नाही. इथलाच, जुन्या गावातला. आवाज चढवायचा नाही, हसायचा आणि म्हणायचा, "दादा, दोन दिस द्या, हलवतो." ते दोन दिवस काही संपायचे नाहीत.

आता बाबांच्या गाडीचं सांगतो. रिटायर झाल्यावर बाबा गाडी शिकले आणि एक राखाडी हॅचबॅक घेतली. चालवायची त्यांना फार हौस नव्हती, हौस होती ती पार्क करण्याची. बाकी सगळे नाक आत घालून गाडी लावायचे. बाबा मात्र मेन रोडपासून रिव्हर्स घेत घेत अख्खी गल्ली उलटे यायचे आणि आमच्या खिडकीखाली, गटाराच्या लादीला अगदी खेटून गाडी उभी करायचे. स्टिअरिंग भिंतीकडे वळवलेलं. उजव्या बाजूचा आरसा मिटलेला. आणि हँडब्रेकवर कवडीचा भरवसा नसल्यामुळे मागच्या चाकाला वीट. गल्लीला उतार आहे तो एवढासा, पण वीट पाहिजेच. मी चेष्टा करायचो की बाबा, गाडी पळून जाणार नाही, तिला आपलं घर आवडतं.

ते गेल्यावर गाडी तिथेच उभी राहिली आणि आईचं सगळं बिनसलं. ती खिडकीत जायची, गाडी दिसली की आत येऊन दोन कप चहा टाकायची. मग दुसऱ्या कपाकडे बघत बसायची. जेवण सुटलं, झोप गेली, घराचा उंबरठा ओलांडेना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. स्वाती म्हणाली, आधी ती गाडी नजरेसमोरून काढ. मला पटलं. विरारच्या एका ब्रोकरला गाडी दिली आणि बजावून सांगितलं की लांब विका, तालुक्याबाहेर. तो म्हणाला, गिऱ्हाईक वलसाडचं आहे, काळजी सोडा. गाडी गेली आणि खरंच, हळूहळू आई जेवायला लागली. संध्याकाळची मालिका बघायला लागली. पोळी करपली म्हणून स्वातीला बोललीसुद्धा, आणि त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात गुपचूप हसलो होतो. फक्त ती खाली काही उतरायची नाही.

आणि मग एका रविवारी सकाळी दूध घ्यायला खाली गेलो तर गाडी खिडकीखाली उभी! काचेवर 'विकणे आहे'.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तसाच दुकानात जाऊन जितूशेठला जाब विचारला. तो गोंधळला. वलसाडचं गिऱ्हाईक फिरलं, विरारच्या ब्रोकरने गाडी भाईंदरच्या ब्रोकरला दिली, त्याच्याकडून हा घेऊन आला. या धंद्यात गाड्या अशाच फिरतात म्हणे. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. मी त्याला आईचं सांगितलं. पहिल्यांदाच तो हसला नाही.

"मना काय ठाव दादा, ही तुमच्या बाबांची गाडी. आजच चांदीपला नेऊन टाकतो. भावाची शेतावर शेड हाय, तिकडं कोनाच्या नजरेला पडनार नाय."

दुपारी त्याने गाडी नेली. मी गॅलरीतून बघितलं, मेन रोडला वळेपर्यंत. तोवर आईला खिडकीकडे जाऊ दिलं नव्हतं. खिडकीची जाळी रंगवायचीय अशी थाप मारून पडदा ओढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत तिथेच.

मी काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जितूशेठ शपथा घेत होता, त्याचा भाऊ फोनवर शपथा घेत होता. मला वाटलं, दोघं मिळून मला मूर्ख बनवतायत. परत नेली. दुसऱ्या दिवशी परत आली. या खेपेला मी शांतपणे जवळ गेलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांची नाकं गल्लीच्या टोकाकडे, आणि हिचं मेन रोडकडे. म्हणजे कुणीतरी त्या अरुंद फटीतून अख्खी गल्ली रिव्हर्स आली होती. टायर लादीला खेटलेले. स्टिअरिंग भिंतीकडे. उजवा आरसा मिटलेला. मागच्या चाकाला वीट.

जितूशेठची माणसं गाड्या ढकलल्यासारख्या लावतात. त्यातलं कुणी आरसा मिटत नाही.

मला तेव्हा भीती वाटली नाही, राग आला. कुणीतरी आमच्या घरातली गोष्ट माहीत असलेला माणूस खोड्या काढतोय, असं वाटलं. कॅमेऱ्याचं विचाराल, तर सोसायटीचा कॅमेरा गेटकडे तोंड करून आहे. जितूशेठचा गल्लीच्या तोंडावर आहे, पण त्याच्यापुढे त्याने स्वतःचाच एक विकाऊ टेम्पो लावून ठेवलेला. त्यात टेम्पोची ताडपत्री छान दिसते. मी म्हटलं, आता मी स्वतः येतो.

रजा टाकली. भर दुपारी जितूशेठबरोबर त्याच गाडीत बसून हायवे ओलांडून चांदीपला गेलो. मागून त्याचा भाऊ जितूशेठची गाडी घेऊन. तिथे शेतं, एक विहीर आणि विहिरीजवळ पत्र्याची शेड. गाडी शेडमध्ये लावली. माझ्यासमोर जितूशेठने बॉनेट उघडलं, बॅटरी काढली आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवली. दोन्ही किल्ल्या मी खिशात घातल्या. शेडला भावाने साखळी-कुलूप लावलं. परत येताना मला उगाच जिंकल्यासारखं वाटत होतं.

सकाळी जाग आली ती दाराच्या आवाजाने. हॉलमध्ये आलो तर आई बाहेरून येत होती. आई, जी बाबा गेल्यापासून जिना उतरली नव्हती. दम लागला होता तिला, आणि हाताला लाल धूळ.

"कुठे गेली होतीस?"

"खाली."

"खाली? कशाला?"

"वीट लावायला," ती म्हणाली, नळ बंद करून आले म्हणावं तशी. "उतारावर उभी आहे. वीट नको?"

मी खिडकीचा पडदा सरकवला. गाडी खाली होती. मी खुंटीवरच्या कालच्या शर्टाचा खिसा चाचपला तर दोन्ही किल्ल्या आत.

"आई, गाडी कोणी आणली?"

"मला काय माहीत कोणी आणली? उभी असते, वीट नसते. म्हणून मी लावते. रोज तूच तर ती काढून टाकतोस गाडी नेताना."

"रोज म्हणजे... आधीपण तूच?"

"मग कोण लावणार?"

"आणि आरसा?"

"आरसा त्यांचा तेच मिटतात," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी खाली धावलो. जितूशेठ गाडीपाशी आधीच उभा होता. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी, वायरी लोंबतायत. चांदीपहून भावाचा फोन आला, साखळी-कुलूप जसंच्या तसं आहे आणि आत गाडी नाही. टोइंग करून, ढकलून, टेम्पोत घालून, कशीही आणली असेल असं मी मोठ्याने म्हणत होतो. पण टेम्पो गल्लीत वळत नाही हे सेक्रेटरी म्हणून मीच पालिकेला अर्ज करकरून सांगितलेलं.

जितूशेठ दोन पावलं मागे झाला. "दादा, मी इतकी वर्सं गाड्या इकतो. मेलेल्या मानसांच्याबी इकल्या. आसं नाय बगितलं. तुमी मावशीला इचारा काय करायचं. मना हिला हात लावायचा नाय आता."

मी आईला विचारलं नाही. मला खरी भीती वाटत होती ती आईची. गाडी येते हे तिला माहीत होतं, सगळे दिवस माहीत होतं, आणि आम्ही पडदे ओढत बसलो होतो. स्वातीला म्हटलं, आईचं डोकं फिरतंय, आपल्या हातून जातेय ती. त्या काळात मला ऑफिसात बसवेना, घरी बसवेना. काम करता करता उठून फोन करायचो, आई कुठे आहे, खाली तर नाही ना? गाडी तिथेच उभी. तिला कुणी हलवत नव्हतं, आणि मी सकाळ-संध्याकाळ जितूशेठच्या दुकानात. इथून गाडी हलवा. काहीही करा पण गाडी हलवा.

शेवटी होळी गावातले एक वाडीवाले आले. केळी-भाजीचं त्यांचं चांगलं चाललेलं, म्हाताऱ्या वडिलांना डॉक्टरकडे न्यायला गाडी हवी होती. जितूशेठने हात जोडल्यासारखं करून मिळेल त्या भावात द्यायचं ठरवलं. त्यांना काय सांगायचं यावर आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. ते गाडी न्यायला आले त्या दुपारी बॅटरी बसवली, पहिल्या सेल्फला चालू झाली. आणि तेवढ्यात आई जिन्यावरून खाली आली. नीट नेसलेली, केस विंचरलेले.

मी अडवायला पुढे झालो, स्वातीने माझा दंड धरला.

आई ड्रायव्हरच्या बाजूला गेली. वाडीवाले आदबीने बाजूला सरकले. तिने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि बाबांशी जशी बोलायची तशी, हळू पण ठाम, बोलली.

"अहो, आता पुरे झालं. लोकांना अडचण होते. तुमचा मुलगा रोज खाली येऊन भांडतो, त्याची तब्येत बिघडेल. माझं जेवणखाण नीट आहे. मी राहीन. आता परत येऊ नका."

मग वाकून तिने मागच्या चाकाची वीट काढली आणि भिंतीला लावून ठेवली.

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी खिडकीखाली काही नव्हतं. त्यानंतरही कधी नाही. होळीच्या वाडीवाल्यांचा नंबर आहे माझ्याकडे, मधून मधून काहीतरी निमित्त काढून फोन करतो. गाडी उत्तम चालते म्हणतात, रात्रभर दारात उभी असते. जितूशेठने आमच्या गल्लीत गाड्या लावणं बंद केलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल माझं अभिनंदन झालं, टाळ्यासुद्धा वाजल्या. आई आता रोज खाली जाते, भाजी आणते, भाव करते. चहा एकच कप टाकते. तिला काही झालेलं नाही, ती आमच्या घरातली सगळ्यात धड व्यक्ती आहे.

झोप माझी गेली आहे.

या मंडळींमध्ये कुणी मेकॅनिक असेल, कुणी पोलिसात असेल, कुणी माझ्यासारखा चुका काढणारा असेल. साखळीत, कुलपात, किल्ल्यांत, माझ्या सांगण्यात कुठेतरी फट असणार. ती शोधून द्या. मी कितीतरी दिवस शोधतोय, मला सापडत नाही. मला वेड्यात काढा, खोटारडा म्हणा, चालेल, पण बिनबॅटरीची गाडी चांदीपहून आचोळ्याला कशी येते याचं एक साधं, कोरडं उत्तर मला द्या.

कारण तसं उत्तर नसेल, तर ते सगळे दिवस माझे बाबा घरी येत होते. आणि आई खाली जाऊन त्यांच्या चाकाला वीट लावत होती, आणि मी तिथेच उभा राहून ओरडत होतो, की हिला इथून हलवा.